कोरलड्रॉ एक्स ७ सोडून नवीन कोरल घ्यावं का?

खिळेजुळारी · ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. नागपूरला महाल भागात आमचं जुनं दुकान आहे. पुढच्या खोलीत डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकुराची जुळणी), मागच्या खोलीत वडिलांची ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र. ती आता पावतीपुस्तकांना नंबर टाकायला आणि पर्फोरेशनलाच लागते. मी आणि एक मुलगा, दोन कॉम्प्युटर. डिझाइनला कोरलड्रॉ एक्स ७ (२०१५ साली पक्कं बिल घेऊन घेतलेलं), फोटोशॉप सीएस ६ आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी, एवढ्यावर दहा वर्षं काढली.

आता तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. गिऱ्हाईक बाहेरून डिझाइन करून आणतं, ती सीडीआर (कोरलची फाइल) नव्या व्हर्जनची असते, माझ्याकडे उघडत नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली आणि माझ्या दोन्ही मशीन इतक्या म्हाताऱ्या की त्यांच्यावर ११ बसत नाही. आणि तिसरं म्हणजे भाचा. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, मावशी, तू अजून हातानं, पेन टूलनं बॅकग्राउंड कापतेस?

नव्या कोरलचं वर्षाचं भाडं म्हणजे माझं जवळजवळ दोन महिन्यांचं दुकानभाडं. एकदाच घेऊन टाकायचाही पर्याय आहे, पण ती रक्कम पाहून मी टॅब बंद केला. तुळशीचं लग्न झालं, पत्रिका सुरू झाल्या, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. आत्ता घ्यावं की होळीपर्यंत ढकलावं? ज्यांनी बदललं त्यांनी सांगा, कामात काय फरक पडला. नवीन सोयींची यादी नको, ती मी वाचलीय.

---

फ्लेक्सवाला_मानेवाडा · १० नोव्हेंबर, सकाळी ७:५२

ताई, एकच इचारतो. मशिनीले समजते काय, फाइल कोन्या व्हर्जनमंदी बनवली थे? तिले टिफ चित्र पायजे. सीएमवायके (छपाईचे चार रंग), शंभर डीपीआय, साइज बरोबर. झालं. माह्याकडं एक्स ५ हाय, २०१० चं. अधिवेशनात लोकं रात्री दोन वाजता बोर्ड मागतेत, सकाळी चौकात लागलेला असते. कोनंच इचारलं नाई आजवर का बाबा तुह्यं कोरल कोनतं. कायले पैशे घालता?

---

मारबत · १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

सर्दी, खोकला, एक्स ७, घेऊन जा गे मारबत!

(नागपूरच्या मारबत मिरवणुकीची आरोळी. खुर्ची टाकून बसलोय. तर्री पोहे मागवा कोणीतरी.)

---

वर्तुळाबाहेर · १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

फ्लेक्सवाले भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण बोर्डापुरतं. बोर्डावर चार ओळी आणि चौदा चेहरे. ताईंकडे पतसंस्थेचा शंभर पानी अहवाल येतो, त्यात ताळेबंद असतो, आणि सचिव शेवटच्या दिवशी तीन आकडे बदलतात.

खिळेजुळारी, मी शंकरनगरला एका एजन्सीत आहे. तुमची तीन कारणं एका गाठोड्यात बांधू नका, त्यांचं औषध वेगळं आहे.

विंडोज हे मशीनचं दुखणं. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. कोरल नवीन घेतलंत तरी ते जुन्या डब्यावरच बसणार असेल तर काही उपयोग नाही. आधी डबा बदला. मग त्यावर एक्स ७ टाकून पाहा. कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, पण माझ्या घरच्या ११ वर ते चालतंय.

सीडीआर उघडत नाही, हे मात्र खरं कारण. नवं जुनं उघडतं, जुनं नवं उघडत नाही. पाठवणाऱ्यानं सेव्ह करताना खालचं व्हर्जन निवडलं तर प्रश्न मिटतो, पण निवडतो कोण?

भाच्याचं अर्धं ऐका. एक्स ७ नंतरचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. २०१७ मध्ये पेनानं स्केच करायची सोय आली, त्याला पेनवाला स्क्रीन हवा. २०१८ ची सिमेट्री (अर्धं काढलं की दुसरी बाजू आपोआप) पत्रिकेच्या वेलबुट्टीला बरी. २०१९ ला मॅकवर परत आलं, आपल्याला काय त्याचं. बोलण्यासारखं आहे ते २०२० चं: जेपीजीचे डाग पुसणं, लहान चित्र मोठं करणं आणि सुधारलेला ट्रेस (चित्रावरून आपोआप रेषा काढणं), हे तिन्ही तेव्हा एआयवर गेलं. तुमच्याकडे 'व्हॉट्सअ‍ॅपवर लोगो पाठवलाय, तोच घ्या' म्हणणारे किती येतात त्यावर ठरवा.

---

खिळेजुळारी · १० नोव्हेंबर, रात्री १०:०५

किती म्हणजे? सगळेच! परवा एकानं कुलदैवताचा फोटो पाठवला, तो त्यानं दुसऱ्याच्या स्टेटसवरून स्क्रीनशॉट काढलेला, वर बॅटरीची टक्केवारीसुद्धा होती.

अजून एक विसरले. अहवाल छापून झाला की संस्थावाले आता म्हणतात, मॅडम, मजकूर वर्डमध्येही द्या, वेबसाइटवर टाकायचाय, शोधता आला पाहिजे. माझा सगळा मजकूर श्रीलिपीत. कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. नवीन कोरलमध्ये हे सुटतं का?

---

शाई_कागद · ११ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

नाही सुटत. आणि गंमत म्हणजे त्यासाठी नव्या कोरलची गरजही नाही. जरा लांबण लावतो, कारण या एका गोष्टीपायी लोक हकनाक पैसे घालवतात.

आपल्या धंद्यात जुने फॉन्ट रुजले ते पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमुळे. पेजमेकरचं शेवटचं ७ नंबरचं व्हर्जन २००१ चं. त्याला युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच अक्षरपद्धत) कळत नव्हता, जोडाक्षर कसं जुळवायचं ते तर दूरच. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली: अक्षराचे तुकडे, म्हणजे अर्धा क, पाऊण य, वेलांटी, रफार, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजीच टाइप करताय, कागदावर मराठी उमटतं. खिळे जुळवण्यासारखंच की ते, तुमच्या आयडीला शोभेसं. पण त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चार नंतर. रफाराचं उलटं. म्हणून जुना मजकूर नव्यात नेताना कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्टरनंतर डोळे लागतात.

आता तुमच्या कामाचं. कोरलमध्ये ओपनटाइप फॉन्ट आणि जोडाक्षरांच्या लिपींची नीट सोय आली ती एक्स ६ मध्ये, २०१२ साली. तुमच्याकडे एक्स ७ आहे. म्हणजे दहा वर्षं तुमच्या मशीनमध्ये युनिकोड मराठी करायची सोय पडून आहे. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट फुकट मिळतात. टिरो देवनागरी मराठी घेतलात तर ल आणि श मराठी वळणाचेच मिळतील, सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडायची कटकट नाही. हिंदी वळणाचा ल पाहून आजोबा पत्रिका परत पाठवतात, माहीत असेलच.

एक चाचणी कायम करा. कोणतंही सॉफ्टवेअर, कोणताही फॉन्ट असो, पहिला शब्द टाइप करायचा: वऱ्हाड. त्यातला तो आडवा, पापणीसारखा र जर नीट आला नाही, 'वर्‍हाड'च्या जागी 'वर्हाड' झाला, रफार हा च्या डोक्यावर गेला, तर पुढे बघायचंच नाही. हिंदीला त्या अक्षराची गरज नाही, म्हणून ते कुणी तपासत नाही.

---

मारबत · ११ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

वऱ्हाडच नीट आलं नाही तर लग्न कसलं लागतंय. दंडवत स्वीकारा.

---

फ्लेक्सवाला_मानेवाडा · ११ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

हे बराबर बोलले. माह्याकडं पोरगं मोबाइलवर बोलून टाइप करते आन् थे कोरलमंदी चिकटवते. एक्स ५ मंदी वेलांटी पळते इकडंतिकडं. मंग मी फोटोशॉपमंदी लिहून चित्र बनवून आनतो. चार ओळीले चालते.

---

मुक्तछंद · ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

कुणीच नाव काढेना म्हणून मी काढतो. इंकस्केप. कोरलसारखंच डिझाइनचं सॉफ्टवेअर, फुकट, कायमचं. देवनागरी अगदी नीट जुळवतं, वऱ्हाड पास. सीडीआर फाइलसुद्धा उघडते. सगळ्या नाही, आणि सावल्या-इफेक्ट गळतात, पण निदान आत काय आहे ते दिसतं आणि लोगो बाहेर काढता येतो. अहवालांसाठी स्क्राइबस, १.६ व्हर्जन जानेवारी २०२४ मध्ये आलं, त्यातही देवनागरी चालते. फोटोसाठी गिम्प ३, तेही यंदा मार्चमध्ये आलं.

शिवाय ३० ऑक्टोबरपासून अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअरही फुकट झालंय. कॅनव्हानं ती कंपनी मार्च २०२४ मध्ये घेतली होती.

---

वर्तुळाबाहेर · ११ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

अ‍ॅफिनिटीचं सावधपणे घ्या. २ नंबरच्या व्हर्जनपर्यंत देवनागरी जोडाक्षरं त्यात जुळत नसत. नव्यात स्वतः टाइप करून पाहा, पत्रिका द्यायच्या आदल्या रात्री नको. आणि इंकस्केप आतून आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत आहे. ऑफसेटला प्लेट काढणाऱ्याकडे ती फाइल गेली की तो तुम्हाला फोन करणार. स्क्राइबसमधून सीएमवायके पीडीएफ काढता येते, पण मग दोन सॉफ्टवेअर शिका.

---

फ्लेक्सवाला_मानेवाडा · ११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

आरजीबीचं नाव काढू नका. मागं धम्मचक्र दिनाच्या टायमाले पोरानं आरजीबीमंदी फाइल बनवली. स्क्रीनवर निळा झकास. छापून आला थो जांभळा! दीक्षाभूमीच्या रस्त्यानं लावाचा बोर्ड, जांभळा. मंडळवाल्यायनं पाहलं आन् मले पाहलं. दोनशे फूट पुन्ना छापला सोताच्या पैशानं.

तवापासून दुकानात भिंतीवर लिहून ठेवलं: निळ्यात सायन शंभर आन् मॅजेन्टा पण शंभर टाकला का जांभळा होते. मॅजेन्टा साठ-सत्तरच्या वर जाऊ द्याचा नाई. हे कोनतं व्हर्जन शिकवते सांगा बरं?

---

खिळेजुळारी · ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

भाऊ, हे लिहून घेतलं. माझ्याकडे १४ एप्रिलची पत्रकं असतात, मी सरळ छापखान्याचा शेडकार्ड पुढ्यात ठेवते.

---

बर्डीचा_पोपट · १२ नोव्हेंबर, सकाळी ११:००

एवढा खल कशाला? बर्डीच्या बाजारात कुणालाही सांगा, सगळं बिनालायसन्स 'टाकून' देतात. अख्खा नागपूर तसाच चालतो.

---

गणकयंत्र · १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

पोपटराव, अख्ख्या नागपूरचं मला माहीत नाही, कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंडावर सोडू शकतं. दुकान म्हणजे धंदाच. तेव्हा ही सूट विसरा.

खिळेजुळारी, मी सीए आहे, धरमपेठेत बसतो. तुम्ही खर्च मोजताना तीन गोष्टी पाहिल्या का?

सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. नियमित करदात्या असाल आणि कंपनीच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर तो परत मिळतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर मिळत नाही, म्हणजे तुम्हाला ते तेवढ्यानं महागच. दुसरं, वर्षाचं भाडं हा त्या वर्षाचा पूर्ण खर्च. कायमचं विकत घेतलंत तर ती मालमत्ता, तिच्यावर घसारा, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरला ४० टक्के दरानं. भाड्याचं आकर्षण बऱ्याच जणांना यामुळे वाटतं, पण छोट्या दुकानाला कर वाचवण्यासाठी खर्च करणं म्हणजे सूट मिळते म्हणून नको असलेली साडी घेणं.

तिसरं, बिल. ऑनलाइन 'आजीवन लायसन्स' पाचशे-हजारात विकणारे असतात. आमच्या एका अशिलानं घेतलं होतं, चार महिन्यांनी बंद पडलं. विक्रेत्याचा नंबरही बंद. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, ना परतावा ना दाद.

---

अनामिका_नाशिक · १२ नोव्हेंबर, दुपारी २:२५

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही अगदी हेच चाललंय, फक्त एक्स ७ च्या जागी एक्स ३.

---

वर्तुळाबाहेर · १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

भाड्याचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅडोबीबद्दल. सीएस ६ हे एकदाच पैसे देऊन मिळणारं त्यांचं शेवटचं, २०१२ चं. २०१३ पासून सगळं भाड्यानं. आम्ही एजन्सीत वापरतो, कारण आमचे क्लायंट मुंबईचे आणि त्यांच्या फायली इलस्ट्रेटरच्या. पण ताई, 'महिन्याला अमुक' असं जे दिसतं ते बहुतेकदा वर्षाचा करार असतो आणि हप्ते महिन्याचे. मध्येच सोडलं तर दंड. याच मुद्द्यावर जून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारनं त्यांच्यावर खटला भरला. तेव्हा कोणतंही भाडं घ्या, बारीक अक्षरं वाचा.

चाचणीच्या मुदती: अ‍ॅडोबी सात दिवस, कोरल पंधरा. पंधरा दिवस पुष्कळ आहेत, फक्त गडबडीच्या पंधरवड्यात घ्या. रिकाम्या वेळात घेतलं तर सगळंच सुंदर वाटतं.

---

शाई_कागद · १३ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

मी अजून एक सुचवू? तीन आठवडे वही ठेवा. पैशांची नको, वेळेची. कुठे अडलं, किती मिनिटं गेली. आमच्या छापखान्यात हे केलं तेव्हा कळलं की आम्ही ज्या गोष्टीसाठी नवीन सॉफ्टवेअर घेणार होतो तिच्यात आठवड्याला चाळीस मिनिटं जात होती, आणि 'फायनल', 'फायनल २', 'खरोखर फायनल' यांतली बरोबर फाइल शोधण्यात पाच तास.

---

खिळेजुळारी · १३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

'फायनल_आईनं_पाहिलेली' अशी फाइल आहे माझ्याकडे. ठेवते वही.

---

मारबत · २९ नोव्हेंबर, सकाळी १०:००

धागा वर काढतोय. वही कुठवर आली? आणि अवांतर: पत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहूनही लोक आणतात, त्यासाठी मोठा फॉन्ट कोणता?

---

खिळेजुळारी · ६ डिसेंबर, रात्री ११:५०

उशीर झाला, माफ करा. उद्या सकाळी दोन पत्रिका द्यायच्यात, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

वही तीन आठवडे ठेवली. मुलालाही ठेवायला लावली. त्यानं पहिल्या दिवशी 'चहा: २५ मि.' असं प्रामाणिकपणे लिहिलं.

बाहेरून आलेली कामं ३१. त्यांतल्या ९ सीडीआर उघडल्या नाहीत. सात जणांना फोन केला, फॉन्ट कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) पीडीएफ पाठवा म्हटलं, पाठवली. त्यातल्या पीडीएफमध्येही दोघांनी कर्व्ह केलंच नव्हतं, पण ते चालायचंच. उरलेले दोघे गेले. एक किरकोळ होता. दुसरी संस्था, जिचा अहवाल गेली सहा वर्षं माझ्याकडे होता. त्यांच्या नव्या डिझायनरनं नव्या कोरलमध्ये मुखपृष्ठ केलं, मी उघडत नाही म्हटलं, तो म्हणाला, मग राहू द्या. भांडण नाही, काही नाही. ते 'राहू द्या' फार लागलं.

बॅकग्राउंड कापणं: १४ फोटो, सगळे मिळून तीन तासांच्या आत. दहा वर्षं पेन टूल चालवतेय, हात बसलाय. भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तीन तासांत मी चारशे कापले असते. मी म्हटलं, चारशे आण, मग बोलू.

खराब लोगो पुन्हा काढणं: ११ तास. एवढे जात असतील असं वाटलं नव्हतं, कारण तुकड्यातुकड्यानं जातात.

आणि श्रीलिपीतून मजकूर काढणं, टाकणं, परत तपासणं: १९ तास. शाई_कागद, तुम्ही म्हणालात तसंच. यावर नवीन कोरल काडीचाही उपाय नाही. एक्स ७ मध्ये टिरो आणि मुक्ता टाकले, वऱ्हाड टाइप केलं, आलं! दहा वर्षं हे माझ्या मशीनमध्ये होतं आणि मी संस्थेच्या सचिवांना 'आमच्याकडे होत नाही' असं सांगत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते, खूश होऊन की चिडून ते कळेना.

नोव्हेंबरच्या शेवटी पंधरा दिवसांची चाचणी घेतली. ट्रेस खरंच सुधारलाय. कुलदैवताचा तो बॅटरीवाला फोटोही टाकून पाहिला. डाग गेले, पण देवीच्या नथीचा एक मोती गायब. हातानं काढला. हे आधी असतं तर लोगोंच्या ११ तासांचे माझ्या अंदाजानं चार झाले असते.

तर एक नवी मशीन घेतली, विंडोज ११ वाली. तिच्यावर नव्या कोरलचं एकच लायसन्स, एका वर्षाचं. माझ्यासाठी. मुलगा जुन्या मशीनवर एक्स ७ वरच, त्याला पत्रिकांना तेच पुरतं. जीएसटी क्रमांकासह बिल घेतलं, सीए साहेब. नियमितमध्ये आहे मी.

---

गणकयंत्र · ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

शाब्बास. पण जुनी मशीन विंडोज १० वर इंटरनेटला जोडलेली आहे का?

---

खिळेजुळारी · ७ डिसेंबर, दुपारी १:००

वायर काढून टाकली. मुलगा दोन दिवस रुसला होता, क्रिकेटचा स्कोअर दिसत नाही म्हणून.

---

वर्तुळाबाहेर · ७ डिसेंबर, दुपारी २:१०

वायर काढली तरी गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आहेच. डीटीपीच्या दुकानात साथ तिथूनच पसरते. पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनला लावा, तपासा, मग फक्त लागणारी फाइल तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हनं पलीकडे न्या.

आणि तुमच्या नव्यात केलेलं काम मुलाला द्यायचं असेल तर एक्स ७ म्हणून सेव्ह करा, पण नवे इफेक्ट वापरू नका, त्यांचं खालच्या व्हर्जनमध्ये काय होईल सांगता येत नाही. दोन व्हर्जनचं दुकान चालवायचं तर शिस्त खालच्या व्हर्जनची.

---

मुक्तछंद · ७ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

तरी मला वाटतं घाई झाली. नऊपैकी सात फायली फोनवर सुटल्या. एका अहवालासाठी वर्षाचं भाडं? इंकस्केपमध्ये ते मुखपृष्ठ उघडून पाहिलं होतंत का?

---

खिळेजुळारी · ७ डिसेंबर, रात्री १०:२०

पाहिलं होतं. उघडलं, पण मागची सावली काळा ठोकळा होऊन आली आणि संस्थेचं बोधचिन्ह अर्धंच. तुमचं म्हणणं चूक नाही, इंकस्केप मी ठेवलंय, फाइलमध्ये काय आहे ते बघायला रोज उघडते. पण मी तो अहवाल परत आणलाय. नव्या डिझायनरला फोन केला, म्हटलं, आता पाठवा. पाठवलं. मार्चनंतर ९६ पानं, आतला मजकूर युनिकोडमध्ये, वेबसाइटसाठी वेगळे पैसे. वर्षानं पुन्हा वही ठेवणार आहे, लोगोंचे तास वाचले नसतील तर भाडं बंद, एक्स ७ आहेच.

---

शाई_कागद · ८ डिसेंबर, सकाळी ६:३०

जुन्या श्रीलिपी फायली सरसकट कन्व्हर्ट करत बसू नका. जी संस्था परत येईल तिचीच करा. बाकीच्या पीडीएफ करून ठेवा आणि श्रीलिपीचं कुलूप (कॉम्प्युटरला लावायचा डोंगल) जपा, ते हरवलं तर दहा वर्षांचं कपाट बंद.

---

मारबत · ८ डिसेंबर, सकाळी ९:००

आणि माझा आहेराचा फॉन्ट?

---

खिळेजुळारी · ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

फॉन्टनं होत नाही ते. दारात माणूस उभा करा.

---

फ्लेक्सवाला_मानेवाडा · ११ डिसेंबर, रात्री १:३५

ताई जागी हायेस का? अधिवेशनाचं अर्जंट काम आलं. मुंबईहून कोन्या साहेबाच्या मानसानं सीडीआर पाठवली, नव्या व्हर्जनची हाय, माह्याकडं उघडून नाई राह्यली. फोन उचलत नाई थो. तुह्या नव्यात उघडून एक्स ५ मंदी सेव्ह करून देतं का? पन्नास रुपये देतो.

---

खिळेजुळारी · ११ डिसेंबर, रात्री १:४२

पाठवा. शंभर घेईन. आत श्रीलिपी निघाली तर दीडशे.

---

फ्लेक्सवाला_मानेवाडा · ११ डिसेंबर, रात्री १:४४

पाठवली. निळा पाहून घेजो.